मच्छरदाणीतला गरीब

आजारी झाडावर इतकी माया करणारा माणूस साऱ्या नागपुरात दुसरा झाला नसेल. आणि खरं सांगायचं तर ती माया झाडावरही नव्हती, आजारावर होती. झाड हे आमच्या घरमालकांच्या, म्हणजे काकाजींच्या, लेखी नुसतं घर. त्यात राहणारा विषाणू हा खरा माणूस, आणि त्याची ख्यालीखुशाली विचारल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नसे. सकाळी चूळ भरायच्या आधी ते परसात जायचे, लिंबाच्या रोपाचं एक पान दोन बोटांत धरून एक डोळा मिटून उन्हाकडे करायचे, आणि मग माझ्या खिडकीकडे पाहून सांगायचे, "बरा हाय." बरा म्हणजे झाड नव्हे, झाडाचा आजार बरा. पान उन्हात धरून पाहायची ही सवय त्यांच्या इतकी हाडीमांसी खिळली होती की पानवाल्याकडे गेले तरी विड्याचं पान आधी सूर्याला दाखवायचे. एकदा एका मुंजीत पत्रावळीचं पान उलटसुलट करून पाहत बसले, तोवर वाढपी दोनदा भात घेऊन पुढे निघून गेला. "पळसाले काही नसते," मला कानात म्हणाले, "तरी पाहिलेलं बरं."

मी त्यांच्या धरमपेठेतल्या घरी भाडेकरू म्हणून गेलो तेव्हा सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. माझं नवं लग्न झालं होतं आणि मी एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून काढणं हा माझा धंदा आणि स्वतःच्या चुका झाकून ठेवणं हा छंद. धंद्यात मी बेताचाच होतो. छंदात मात्र पुढे चांगलंच नाव काढलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहायला गेलो तेव्हा मनात उत्तरं तयार ठेवून गेलो होतो : पगार किती, मूळ गाव कोणतं, घरात मांसमच्छी शिजते का. यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. बंडीच्या खिशातून भिंग काढून ते पुसत म्हणाले, "लिंबू, संत्रा, मोसंबी, कढीपत्ता. याच्यातलं एखादं रोप कुंडीत आणसान?" मी नाही म्हणालो. "बायकोच्या माहेराहून येईन?" मी पुन्हा नाही म्हणालो. "मंग या राहाले." नंतर कळलं की माझ्याआधी चौघं जण पाहून गेले होते. त्यातला एक बँकेत होता, पण त्याच्या बायकोच्या पिशवीतून कढीपत्त्याची काडी डोकावत होती. तेवढ्यावर जागा गेली. कढीपत्ता म्हणे संत्र्याच्या भाऊबंदातला. त्याच्यावर मावा ही कीड बसते, आणि तीच रोग घेऊन उडून लिंबावर येते. त्यामुळे आमच्या घरी फोडणीचा कढीपत्ता आणायचा तर जुडी फाटकाशी थांबायची, काकाजी भिंगातून तिची झडती घ्यायचे, चारदा झटकायचे आणि मगच तिला आत प्रवेश मिळायचा. माझी बायको म्हणायची, "मला या घरात आणताना कोणी एवढं पाहिलं नव्हतं." पाहुण्यांविषयी तेवढं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

काकाजी एका शेतकी कॉलेजातून प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती मुलगी अकोल्याला दिलेली. डॉक्टर होऊन गेलेल्या कितीतरी साहेबांच्या प्रबंधांतली झाडं यांनी पाणी घालून जगवली होती, आणि विषाणू म्हटलं की साहेब लोकांना जे इंग्रजीत कळायचं ते यांना वऱ्हाडीत कळायचं. मी तेव्हा तंबाखू खात असे. एकदा त्यांच्या भेदऱ्याच्या, म्हणजे आपल्या टोमॅटोच्या, वाफ्याशी उगाच वाकलो तर असे ओरडले की मला साप निघाल्यासारखं वाटलं. "बोटं! बोटं मागं घ्या!" तंबाखूच्या झाडाचा व्हायरस तंबाखूच्या पुडीत तसाच जिता असतो, तो माझ्या बोटांवरून भेदऱ्यात शिरेल, असं त्यांनी मला सांगितलं आणि उपाय म्हणून घरातून गडवाभर दूध आणून माझ्या हातांवर ओतलं. दुधानं तो मरतो म्हणे. जिन्यातून बायको पाहत होती. "चहाला दूध नाही आणि तुम्ही हात धुऊन राहिले!" एवढंच ती म्हणाली, पण त्यानंतर आठवडाभर मी काळा चहा प्यायलो. तंबाखू सुटली ती तेव्हापासून. डॉक्टरांनी सांगून सुटली नव्हती, भेदऱ्यासाठी सुटली.

त्यांच्याकडून मी जे शिकलो ते पुढे कुठं उपयोगी पडलं नाही, पण विसरलोही नाही. "एका झाडात एक व्हायरस नसते भाऊ," ते सांगायचे. "गाव असते. सगळे एका आडनावाचे, पण एकासारखा दुसरा नाही. कोणी गरीब, कोणी तिखट, कोणी नुसता खाऊन निजणारा. काहून? तं तो आपली नक्कल काढते, अन् नक्कल काढताना चुकते. त्याच्यापाशी तुमच्यासारखा तपासनारा माणूस नाही. जे चुकलं ते तसंच छापून मोकळा." या उपमेनं मी फार सुखावलो होतो. मग मावा यायचा. "माव्याच्या सोंडेत अख्खं गाव मावते का? काटोलची शेवटची बस समजा. फलाटावर पाचशे मानसं, चढले साठ. ज्याच्या कोपरात जोर तो चढला. एखादा नुसताच धक्क्यानं चढला. आता ही बस रानात बंद पडली अन् त्या साठांनी तिथंच गाव वसवलं, तं ते गाव काटोलसारखं राहीन का? नाही. चढले त्यांच्यासारखं राहीन." तेव्हापासून मी काटोलच्या बसमध्ये बसलो की आजूबाजूला पाहतो आणि यांचं गाव कसं होईल याचा अंदाज बांधतो. एकदा माझ्या बसमध्ये निम्मे तपकीर ओढणारे निघाले. त्या गावात शिंकांपलीकडे काही घडलं नसतं.

आता गरीबाची ओळख करून देतो, कारण ही हकीकत त्याचीच आहे. काटोलकडचे एक मोठे बागायतदार काकाजींचे जुने स्नेही. काकाजी त्यांना नुसतं 'पाटील' म्हणत. पाटलांच्या एका बागेतली संत्र्याची झाडं शेंड्यापासून वाळत गेली, सगळी ओळ गेली, आणि मधोमध एक झाड हिरवंगार फळं धरून उभं राहिलं. साहेब लोक म्हणाले, याला रोग लागलाच नाही. काकाजी म्हणाले, लागला आहे, पण गरीबाचा. त्यांनी त्या झाडाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर सालीसकट काढून, आणून कागदी लिंबाच्या रोपावर भरला. कागदी लिंबू फार हळवं झाड. रोग अंगात असला की पानात बोलून दाखवतं. चाळीस दिवसांनी पान उन्हात धरलं तर शिरांमध्ये दोन-चार बारीक उजळ ठिपके, बस. झाड मजेत. "पाहा! आत कोणीतरी राहून राहिला, पण भांडीसुद्धा वाजवत नाही." आणि त्यांचा सिद्धान्त असा की असा गरीब भाडेकरू आत असला की तिखट जातीच्या विषाणूला त्या झाडात जागाच मिळत नाही. "घर खाली ठेवलं का गुंड शिरते. म्हून घरात गरीब मानूस ठेवा. मी तुमाले काहून ठेवलं? तुमी गरीब दिसता." मी मान डोलावली. तोंडावर कोणी गरीब म्हटलेलं मला आवडलं, असा तो एकच प्रसंग.

पण गरीब हा कायम गरीब राहील कशावरून? नकला काढता काढता, पिढ्या जाता जाता, त्याच्या गावात एखादा तिखट निपजून गादीवर बसला तर? म्हणून काकाजींनी ठरवलं की गरीबाला एक तप पाहायचं. बारा वर्षं, दरवर्षी जुन्या रोपाचा डोळा काढून चार नव्या रोपांवर भरायचा, बारा पिढ्या; आणि बारावी पिढीही तशीच गरीब निघाली तर तिचे डोळे पाटलांच्या बागेत एका ओळीला भरायचे. पाटलांनी त्यासाठी चाळीस खड्डे आधीच खणून ठेवले होते. मूळ झाड मध्यंतरी वादळात उन्मळून पडलं होतं. नवी पिढी भरली की काकाजी जुनी जाळून टाकायचे. "एका घरात दोन पिढ्या नांदवल्या का कोणाचं काय ते समजत नाही" हा त्यांचा नियम. म्हणजे साऱ्या जगात गरीब फक्त आमच्या परसातल्या चार रॉकेलच्या डब्यांत होता. डोळा भरल्यावर सव्वा महिना त्या डब्यांना बाळंतिणीसारखं जपायचं, कारण तोवर गरीबाचं बिऱ्हाड नव्या घरात नीट मांडलेलं नसतं आणि एखादा तिखट आधी घुसला तर सगळंच संपलं. त्यासाठी चार डब्यांवर चार मच्छरदाण्या. साध्यासुध्या नव्हेत, बाहेरून जाळी, आतून मलमलीचं अस्तर, काकाजींनी हातानं शिवलेल्या, ऐसपैस, बाजेवरच्या मापाच्या. धरमपेठेत त्याहून उंची मच्छरदाण्या नव्हत्या. आणि त्यांच्या शेजारी स्वतः काकाजी उघड्या बाजेवर दंड खाजवत निजायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मले मच्छर चावला तं हिवताप येईन. याले मावा चावला तं याचं कूळ बुडन."

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं ते नेमकं गरीबाच्या बाराव्या वर्षी, फाल्गुनात. वडील नव्हते, तेव्हा मुलीचा बाप मीच. नव्या रोपांवर डोळे भरून दहा दिवस झाले होते आणि अकोल्याला काकाजींच्या मुलीच्या बाळाचं बारसं निघालं. अकरा वर्षांत काकाजींनी या महिन्यात घर सोडलं नव्हतं. जावं की न जावं यात त्यांनी दोन दिवस घालवले. शेवटी मीच म्हणालो, "काकाजी, तुम्ही जा हो. मी आहे ना." ते थोडा वेळ माझ्याकडे, एखादं पान उन्हात धरावं तसे, पाहत राहिले. "पानी सकाळी. जाळी वर नाही करायची, खालून नळी घालाची. बाकी काही नाही." लग्नात आपण नाही याचं त्यांना वाईट वाटलं; पण "जागा वापरा, परस वापरा, फकत त्या कोपऱ्यात कोणी नको," असं सांगून ते गेले.

वऱ्हाड आलं ते एक दिवस आधीच. आमच्या दोन खोल्या, गच्ची आणि खालचं अंगण हाच जानोसा. माणसं चांगली होती, पण प्रत्येक वऱ्हाडात एक मामा असतो. नवरदेवाचे मामा संत्र्याच्या बागांचे मालक. त्यांनी प्रेमानं चार टोपल्या मृग बहाराची संत्री आणली होती, वर ओल्या पाल्याचं झाकण. उन्हानं सुकू नयेत म्हणून मी स्वतः त्या टोपल्या उचलून परसात नळाजवळ गारव्याला नेऊन ठेवल्या आणि पाल्यावर दोन लोटे पाणीही शिंपडलं. कोपऱ्यापासून चार हातांवर. कोपऱ्यात नाही, हे मी कटाक्षानं पाहिलं. माझा कटाक्ष हा असा असतो.

दिवेलागणीला मच्छर निघाले. फाल्गुनातले मच्छर काय असतात हे नागपूरकरांना सांगायला नको. मामा अंगणात टाकलेल्या बाजेवर बसून मांडीवर चापट्या मारत मोठ्यानं कोणाला तरी सांगू लागले, "आमच्याकडं पाहुण्याले असं निजवत नाहीत बापा. मच्छर फाडून खाऊन राहिले. मुलीकडच्यायले एवढं समजत नाही, तं पुढं काय समजन?" बाजूच्या दोघांनी माना हलवल्या. "उद्या मंडपात बसाचं का नाही ते सकाळी पाहू." हे शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं, पण माझी आई ते ऐकून स्वयंपाकघरात भिंतीला टेकली. मी मोहल्ल्यातली चार घरं फिरलो. लग्नसराई, सगळ्यांच्या मच्छरदाण्या आधीच कुठेकुठे गेलेल्या. परत आलो तर परसाच्या कोपऱ्यात चार उंची मच्छरदाण्या चार रोपांना वारा घालत होत्या.

"हात नका लावू," बायको म्हणाली. कढीपत्त्यापायी दोन वर्षं जिचा छळ झाला ती ही बाई! "काकाजींना विचारल्याशिवाय हात नका लावू हं, मी सांगून ठेवते."

"अगं, दोन रात्री. झाडाला काय मच्छर चावणार आहेत?"

"मच्छराचं नाही ते."

"तुला काय कळतं त्यातलं?" असं मी म्हणालो. तिला त्यातलं सगळं कळत होतं, आणि मला तर खुद्द काकाजींनी बस भरभरून शिकवलं होतं. तरीही मी म्हणालो. माणूस मुलीचा बाप झाला की त्याच्या डोक्यात एकच विषाणू शिरतो, दुसऱ्याला जागा राहत नाही. मी जाळ्या उचलल्या. आतली रोपं वीतभर, सहा-सात पानांची, बुंध्याशी डोळा बांधलेली पट्टी. बाळंतिणीच्या अंगावरचं पांघरूण ओढल्यासारखं मलाच ओशाळं वाटलं आणि मी दुसरीकडे पाहिलं.

लग्न थाटात झालं. मामा मंडपात बसले, पहिल्या रांगेत बसले. "मच्छरदाणी पाहिजे तं अशी!" ते सगळ्यांना सांगत होते. "काय लिंबाचा वास येऊन राहिला होता तिले!" तिसऱ्या दिवशी सकाळी मी जाळ्या झटकून जिथल्या तिथे चढवल्या, खालच्या कडा विटांनी दाबल्या. रोपं जशी होती तशी. एक पान इकडचं तिकडे नाही. मी मुद्रितशोधकाच्या नजरेनं पाहिलं आणि मला एकही चूक सापडली नाही.

काकाजी संध्याकाळी आले. जिन्याखालूनच हाक मारली, माझ्या ओंजळीत बारशाच्या घुगऱ्या ओतल्या आणि ओततच विचारलं, "लगन बरं झालं? अन् जाळी कोणी उघडली नाही ना?" ओंजळ भरलेली असताना माणसाला खरं बोलता येत नाही. मी म्हणालो, "नाही."

ज्येष्ठात पानं वळली. वाट्यांसारखी आत वळली, शिरा पांढऱ्या पडल्या, शेंडे खुरटले. काकाजींनी एका रोपाची साल सोलली. खाली लाकडावर सुया टोचल्यासारख्या खाचाच खाचा. ही तिखटाची खूण, हे मलाही ठाऊक होतं. चारही डब्यांत तेच. त्या दिवशी ते वर आमच्या खोलीत आले. एरवी कधी येत नसत. खुर्चीच्या काठावर बसले. "भाऊ, नीट आठवून सांगा. वाऱ्यानं उडाली असन जाळी, मांजर शिरली असन. मी कोणाले काही म्हननार नाही. मले फकत समजाले पाहिजे, का हा बाहेरून आला का आतूनच निपजला." बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली, आणि मला आजही वाटतं की ती गेली नसती तर मी खरं बोललो असतो. पण हेही तिच्यावर ढकलणंच झालं. मी म्हणालो, "नाही काकाजी. काहीच नाही झालं."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. अकरा वर्षं रोज सकाळी पान धरून ज्याला पाहिलं, त्या गरीबावर ठेवला नाही. दोन वर्षांच्या भाडेकरूवर ठेवला. खाली जाऊन त्यांनी आपल्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिलं, 'बाराव्या पिढीत गरीब फिरला. भरवसा नाही.' पाटलांना पत्र गेलं की वाट पाहू नका. त्या चाळीस खड्ड्यांत पाटलांनी त्या पावसाळ्यात माती ओढून तूर पेरली. डबे काकाजींनी भंगारवाल्याला दिले. आणि मच्छरदाण्या, चारही, स्वच्छ धुऊन, घडी करून, आमच्या दारात आणून ठेवल्या. "घ्या. तुमच्याकडं लेकरू होनार हाय. मले आता काय करायच्या?"

माझी दोन्ही मुलं त्या मच्छरदाण्यांत वाढली. धुऊन धुऊन मलमल विरली, तरी लिंबाचा वास गेला नाही असं मला वाटायचं. बायको म्हणायची, वासबिस काही नाही, तुमच्या मनात आहे. ती एवढंच म्हणायची. तिनं मला त्याबद्दल कधी एका शब्दानं टोचलं नाही, आणि नवऱ्याला शिक्षा कशी करावी हे बायकांना उपजतच कळतं.

पुढे काकाजींनी धरमपेठेतलं घर विकलं आणि बेसा इथल्या आपल्या शेतातल्या दोन खोल्यांत राहायला गेले. बेसा तेव्हा खेडंच होतं. पावसाळ्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागे. मी सणासुदीला जाऊन यायचो. परसात त्यांनी एकही झाड लावलं नव्हतं. पान उन्हात धरायची सवयही सुटली होती, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. गप्पा मारायचे, पण विषाणूंचा विषय निघाला की म्हणायचे, "जाऊ द्या. कोणाचं काही खरं नसते."

असं आठ-नऊ वर्षं चाललं. मग एका दुपारी माझ्या टेबलावर शेतीच्या पानाचा कच्चा छाप आला. कुणीतरी हौशी लेखकानं लिहिलं होतं की परदेशात म्हणे सौम्य जातीचा विषाणू मुद्दाम झाडाला देऊन संत्र्यामोसंबीच्या बागा वाचवतात. सतरा ओळी होत्या. मी त्या तीनदा वाचल्या आणि त्यात एक ठळक चूक तशीच सोडून दिली. तो कागद खिशात घातला, सायकल काढली आणि भर उन्हात बेसाला गेलो.

काकाजी ओसरीवर बसले होते. मी कागद वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्यायचा गरीब टिकला म्हनायचा. आपला फिरला." मग मी सांगितलं. जाळ्या, मामा, दोन रात्री, ओंजळीतल्या घुगऱ्या, सगळं. मान खाली घालून सांगितलं. संपलं तेव्हा वर पाहिलं, तर काकाजी खुर्चीच्या काठावर आले होते आणि त्यांचा चांगला डोळा बारीक झाला होता.

"मामा कुठचा होता?"

"वरुडकडचा. संत्र्याची बाग होती."

"सोबत काय आनलं होतं त्यानं?"

"संत्री. चार टोपल्या."

"वर काय झाकलं होतं?"

"पाला."

"कायचा पाला?"

इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. जाळ्या काढल्या एवढीच चूक मी जपून ठेवली होती. चार टोपल्या हातांनी उचलून शेजारी नेऊन ठेवल्या, पाणी शिंपडून त्या पाल्यातला मावा टवटवीत ठेवला, हे माझ्या चुकांच्या यादीतून गळलं होतं.

"संत्र्याचा," मी म्हणालो.

काकाजींनी मांडीवर अशी थाप मारली की ओसरीवरची कोंबडी उडाली. "बाराती! बाराती बनून आला होता तो तिखट! माह्याच घरात, माह्याच मच्छरदानीत मामाले निजवून!" ते हसले. इतकं हसले की मला वाटलं, सुटलो. आणि हसता हसता त्यांचा चेहरा हळूहळू वेगळाच झाला. जन्मभर मला 'तुमी' म्हणणारा तो माणूस एकेरीवर येऊन म्हणाला, "म्हंजे तो फिरला नव्हता गा."

"नाही काकाजी."

"मी त्याले बदनाम केलं. वहीत लिहून ठेवलं. अकरा वर्सं एका शब्दानं तो खोटा निघाला नव्हता, अन् मी म्हटलं, भरवसा नाही." धोतराच्या सोग्यानं त्यांनी आधी मोतीबिंदूचा डोळा पुसला, मग दुसरा. "तू सांगाले नव्हतं पाहिजे का, पोट्ट्या? येवढंसं तं सांगाचं होतं. मी काय तुले खाल्लं असतं?" मग तेच म्हणाले, "चूक माहीबी होती. अकरावी पिढी जाळाले नको होती. एक डबा ठेवला असता मागं." मला वाटतं, ते मला हलकं करण्यासाठी म्हणाले. त्यानं मी आणखी जड झालो.

मग त्यांनी ट्रंकेतून निळी वही काढायला लावली. "तूच लिही. तुह्या हातानं. तुही दुरुस्ती हाय." मी त्या जुन्या ओळीवर काट मारली आणि ते सांगतील तसं खाली लिहिलं, 'दोन रात्री जाळी नव्हती. शेजारी संत्र्याचा पाला. गरीब फिरला नाही.' मी आयुष्यात हजारो दुरुस्त्या केल्या. छापून गेल्यावर, वाचणारे निघून गेल्यावर केलेली ती एकच. निघताना त्यांनी विचारलं, "मच्छरदानी हाय का एखादी?"

एकच उरली होती. बायकोनं रात्रभर बसून तिला ठिगळं लावली आणि पुढच्या रविवारी मी ती घेऊन गेलो. ओसरीवर एक रॉकेलचा डबा मातीनं भरून ठेवलेला. त्यात रोप नव्हतं, काहीच नव्हतं. "बी पेरलं," काकाजी म्हणाले. "कागदी लिंबाचं. रोप झालं का पाहू, कुठं एखादं हिरवं झाड एकटं उभं असन तं त्याचा डोळा आनू." त्यांचं वय तेव्हा सत्तरीपार होतं आणि पुढे बारा वर्षांचं काम होतं. मी जाळी त्या नुसत्या मातीवर चढवता चढवता म्हणालो, "अजून उगवलं तर नाही काकाजी."

"आतापासून झाकून ठेव. कोणाच्या घरी कवा लगन निघते, सांगता येते का?"

ते रोप वीतभर झालं तेव्हा काकाजी नव्हते. अकोल्याहून आलेल्या त्यांच्या मुलीनं डबा आणि वही दोन्ही मला दिली. "बाबांनी तुमचं नाव सांगितलं होतं," म्हणाली. एकटं हिरवं झाड मी पुष्कळ शोधलं. काटोलच्या बाजूला सुट्टीच्या दिवशी सायकलीवर हिंडलो, बागा पाहिल्या. मला ओळखता येत नाही; काकाजींचा डोळा माझ्याकडे नाही. म्हणून त्या रोपावर डोळा कधी भरलाच नाही. ते लिंबू आता आमच्या अंगणात जमिनीत आहे, माझ्या डोक्यापर्यंत वाढलंय, फळतंही भरपूर, आणि बायको त्याचं लोणचं करून शेजारीपाजारी वाटते. सकाळी तोंड धुवायच्या आधी मी त्याचं एक पान दोन बोटांत धरतो आणि एक डोळा मिटून उन्हाकडे करतो. एकही ठिपका नसतो. कोरं, निरोगी, आत कोणी राहत नसलेलं पान. इतकं स्वच्छ पान पाहून ज्याला वाईट वाटतं असा माणूस साऱ्या नागपुरात आता मीच एक उरलो असेन.